नखाएवढा टॅरंटुला आणि त्याचं जेवण

मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांच्या, आज आंध्रात असलेल्या गुत्तीत, रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एक गडद निळा टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, सापडला. १८९९ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी त्याला नाव दिलं, पोइसिलोथेरिया मेटॅलिका. त्यानंतर शंभरेक वर्षं तो कुणाच्या नजरेस पडला नाही. २००१ मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा दिसला. आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे आणि तरीही युरोप-अमेरिकेत टॅरंटुला पाळणाऱ्यांकडे त्याची पिल्लं सहज विकत मिळतात.

ही पिल्लं बंदिस्त जागेतच जन्मलेली असतील, तर जंगलावरचा भार हलका होतो. म्हणूनच पिल्लू घेताना ते कुठे जन्मलं हे मी सगळ्यात आधी विचारीन. टॅरंटुलाची मादी प्रौढ व्हायलाच काही वर्षं घेते आणि अनेक जातींत पुढे वीस वर्षंही जगते. अशी एक मादी बिळातून उकरून नेली, की त्या जागची पुढची कित्येक वर्षांची वीण जाते. पोइसिलोथेरियाच्या सगळ्या जाती २०१९ मध्ये साइट्स करारात, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, आल्या. आपल्याकडे २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतला जिवंत प्राणी बाळगायला नोंदणी लागते. सह्याद्रीतल्या झाडाच्या ढोलीतून कोळी उचलून आणणं तर सरळ चोरी आहे.

दुसरा प्रश्न, त्यानं शेवटची कात कधी टाकली आणि शेवटचं कधी खाल्लं? विकणाऱ्याला हे सांगता येत नसेल, तर पिल्लू तिथेच राहू द्यावं.

अनेक जातींचं पिल्लू पाय पसरूनही करंगळीच्या नखाएवढंच भरतं. त्याला छोटी डबी, झाकणाला बारीक भोकं आणि तळाला जरासं ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरतं. मोठ्या पेटीत सोडलं तर त्याला भक्ष्य सापडत नाही आणि आपल्याला ते सापडत नाही. खाऊ म्हणून उडता न येणाऱ्या फळमाश्या किंवा अगदी कोवळे रातकिडे द्यावेत. भक्ष्य पिल्लाच्या पोटापेक्षा मोठं नको. तेवढं बारीक काही मिळालं नाही, तर रातकिड्याची तंगडी तोडून डबीत ठेवावी. इवलीशी पिल्लं मेलेलं भक्ष्यही खातात. ती चावून गिळत नाहीत. पाचकरस सोडून मांस विरघळवतात आणि रस शोषून घेतात. मागे उरलेला चोथा दुसऱ्या दिवशी काढावा, नाहीतर त्यावर बुरशी येते. आठवड्यातून एक-दोनदा एवढं जेवण भरपूर झालं. अंगणातले किडे मात्र देऊ नयेत, त्यांच्या अंगावर फवारणीचं विष असू शकतं.

मग एके दिवशी पिल्लू खाणं सोडतं. पोट फुगून काळपट, चकचकीत दिसू लागतं. नव्या माणसाचा जीव इथे कासावीस होतो आणि तो आणखी किडे टाकतो. पिल्लं दगावतात ती बरेचदा इथेच. कात टाकताना टॅरंटुला उताणा पडतो आणि बाहेरच्या कातडीबरोबर घशाचं आणि शोषक जठराचं अस्तरसुद्धा बदलतो. त्या वेळी तो पूर्ण असहाय असतो. डबीत राहिलेला रातकिडा किंवा मीलवर्म (खाऊ म्हणून देतात ती भुंग्याची अळी) उलट त्यालाच कुरतडतो. उताणा दिसला म्हणजे मेला असं समजून त्याला सरळ करायला जाऊ नये. मेलेला कोळी सहसा पालथाच असतो, पाय पोटाखाली मुडपलेले. त्याच्या पायांतले काही सांधे ताठ करायला स्नायूच नसतात, ते काम अंगातल्या द्रवाच्या दाबावर चालतं. तो दाब गेला की पाय मिटतात. कात टाकल्यावर नवे सुळे पांढरे असतात, मग लालसर होतात, मग काळे. काळे झाल्याशिवाय खायला देऊ नये.

टॅरंटुलासारखेच विंचूही पाळले जातात, पण विंचवाचं गणित थोडं वेगळं. विंचवीण अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं जन्माला घालते आणि ती तिच्या पाठीवर चढून बसतात. ही पिल्लं आईला खातात असं आपल्याकडे अजूनही सांगतात. प्रत्यक्षात ती पाठीवर असताना काहीच खात नाहीत, शरीरात साठलेल्या बलकावर जगतात. उलट डिवचलं तर आईच पिल्लं खाऊ शकते. पहिली कात पाठीवरच टाकून ती आपणहून खाली उतरतात, तेव्हा कुठे शिकार करू लागतात. त्याआधी आईपासून वेगळं केलेलं पिल्लू सहसा वाचत नाही.

जात तर ओळखता आलीच पाहिजे. आफ्रिकेतला काळा एम्परर विंचू दिसायला धिप्पाड, पण त्याचा दंश सहसा सौम्य असतो. कोकणातला लहानसा लाल विंचू मात्र माणूस मारतो. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून त्याच्या दंशाचे रुग्ण वाचवले, तोवर त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. त्याच्या पिल्लाच्या नांगीतही विष असतं, ते घरात आणूच नये.

विकायला ठेवलेलं विंचवाचं पिल्लू तयार आहे का, हे अतिनील टॉर्चखाली कळतं. मोठे विंचू त्या उजेडात हिरवट-निळे चमकतात. नवजात पिल्लू चमकत नाही, पहिली कात टाकून नवं कवच टणक झालं की चमक येऊ लागते. पांढरट, गुबगुबीत, न चमकणारं पिल्लू दिसलं, तर ते अजून आईच्या पाठीवर असायला हवं होतं.