‘डेल्टॉइड’ : टोक कोणत्या बाजूला?

डेल्टा हे ग्रीक वर्णमालेतले चौथे अक्षर. ते फिनिशियन लिपीतल्या ‘दालेथ’वरून, म्हणजे ‘दार’ या अर्थाच्या अक्षरावरून आले. त्याचे मोठे रूप म्हणजे रुंद बाजू खाली आणि टोक वर असलेला त्रिकोण. इ.स.पू. 5व्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नाईलच्या मुखाकडील प्रदेशाला डेल्टा म्हटले. मराठीत तो त्रिभुज प्रदेश. याच अक्षराला ‘सारखा’ या अर्थाचा प्रत्यय लागून ‘डेल्टॉइड’ झाला.

शरीरशास्त्रात हा शब्द फक्त त्रिकोण सांगतो, दिशा नाही. खांद्याचा डेल्टॉइड स्नायू उलटा असतो. त्याची रुंद बाजू जत्रुक (गळ्याजवळचे आडवे हाड) आणि खवाट्याच्या हाडाला वर चिकटलेली, तर टोक भुजास्थीच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, साधारण मध्यावर. म्हणूनच दंडात लस टोचताना खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटे खाली, स्नायूच्या जाड भागात सुई घालतात. फार वर टोचली तर ती सांध्याजवळच्या द्रवपिशवीत शिरू शकते. फार खाली गेले की स्नायू निमुळता झालेला असतो. घोट्याच्या आतल्या बाजूचा डेल्टॉइड अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा) मात्र सुलटा : टोक वर, खाली पंख्यासारखा पसरलेला.

वनस्पतिशास्त्रात दिशा ठरलेली आहे आणि ती देठापासून मोजतात. देठ रुंद बाजूच्या मध्यावर जुळला, लांबी-रुंदी जवळपास सारखी असली, तरच पान डेल्टॉइड. देठ टोकाकडे असेल तर ते पान पाचरीच्या आकाराचे किंवा उलट-डेल्टॉइड ठरते. नवशिक्यांची चूक इथेच होते : फांदीवर लोंबणारे पान टोक खाली करून दिसते आणि ते ‘उलटे’ म्हणून नोंदवले जाते. पान देठ खाली धरून पाहावे.

हा अर्थही पहिल्यापासून असा नव्हता. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1751 मध्ये डेल्टॉइड पानाची व्याख्या केली ती चार कोनांची : समभुज चौकोनासारखे पान, बाजूचे दोन कोन तळाच्या, म्हणजे देठाकडच्या टोकाच्या, जवळ. तळाचा कोन बोथट झाला की तो आकार त्रिकोणच भासतो. 1785 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉप्युलस डेल्टॉइडिस’ या उत्तर अमेरिकी पॉपलर झाडाच्या नावात हेच विशेषण आहे. जुनी वर्णने वाचताना त्यामुळे कोन मोजावेत, नुसत्या शब्दावर जाऊ नये.