कॅथलिक नाव आणि मीडिया मिनिस्ट्री: चर्चचा अधिकार

टीव्ही चॅनल, रेडिओ, साप्ताहिक, वेबसाइट किंवा यूट्यूब चॅनलच्या नावात 'कॅथलिक' लावायचं असेल तर चर्चच्या अधिकाऱ्यांची, म्हणजे बहुतेक वेळा तिथल्या बिशपांची (धर्मप्रांत या चर्चच्या विभागाच्या प्रमुखांची), संमती लागते. हा नियम कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यातला, म्हणजे कॅनन लॉमधला आहे, सरकारी कायद्यातला नाही, आणि या विषयावरचे जवळपास सगळे वाद याच एका फरकातून निघालेत. बिशप नाव वापरायला मनाई करू शकतात, पण कॅमेरा बंद करायला पोलीस पाठवू शकत नाहीत. त्यामुळे मनाई किती चालते हे समोरचा माणूस धर्मगुरू आहे की प्रापंचिक (म्हणजे धर्मगुरू किंवा नन नसलेला साधा श्रद्धावंत), त्याला ऐकायचंय की नाही, आणि त्या बिशपांच्या शब्दाला लोकांत किती वजन आहे, यावरच ठरतं.

नियम नेमका काय म्हणतो

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ ला प्रापंचिकांच्या कार्याबद्दल एक दस्तऐवज मंजूर केला, त्याच्या २४ व्या परिच्छेदात ही अट आहे. तिथून ती १९८३ च्या कॅनन लॉमध्ये २१६ व्या कलमात आली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा कायदा २५ जानेवारी १९८३ ला जाहीर केला आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. संस्था-संघटनांसाठी हीच अट कलम ३०० मध्ये, शाळांसाठी ८०३ मध्ये आणि विद्यापीठांसाठी ८०८ मध्ये वेगळी सांगितलीय.

२१६ चा उल्लेख करताना लोक नेहमी शेवटचं वाक्य सांगतात आणि सुरुवात गाळतात, आणि मला वाटतं सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कलमाची सुरुवात हक्काने होते: प्रत्येक श्रद्धावंताला चर्चच्या कार्यात भाग आहे, म्हणून स्वतःच्या पुढाकाराने काम सुरू करायचा हक्कही आहे. काम सुरू करायला परवानगी मागायची गरज नाही, परवानगी लागते ती त्या कामाला 'कॅथलिक' म्हणवून घ्यायला. शिवाय हे कलम उपक्रमाबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. बाप्तिस्मा झालेल्या माणसाने मी कॅथलिक आहे म्हणून सांगायला बिशपांचं पत्र लागत नाही, आणि चॅनलवरून नाव काढायला लावलं म्हणजे चालवणारा चर्चबाहेर गेला असंही नाही. मनाईची बातमी आली की लोक लगेच "बहिष्कृत केलं" असं लिहून मोकळे होतात, ते साफ चुकीचं आहे.

याच्या जोडीला आणखी दोन कलमं वाचावी लागतात. ८२३ नुसार मीडियातून श्रद्धेला किंवा नीतीला धक्का लागत नाही ना यावर लक्ष ठेवणं हे बिशपांचं कर्तव्य आणि हक्क आहे. आणि २१२ नुसार चर्चच्या भल्याबद्दल आपलं मत मेंढपाळांना (म्हणजे बिशपांसारख्या धर्माधिकाऱ्यांना) आणि इतरांना सांगायचा हक्क श्रद्धावंतांना आहे, कधीकधी ते कर्तव्यसुद्धा आहे, अर्थात आदर राखून. म्हणजे बिशपांवर टीका केली एवढ्यावरून नाव काढून घेता येतं असं कायदा कुठेच म्हणत नाही.

डेट्रॉइट, दोन वेळा

हा अधिकार कुठे चालतो आणि कुठे थबकतो ते बघायचं असेल तर अमेरिकेतल्या डेट्रॉइट महाधर्मप्रांताइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण तिथे सत्तरेक वर्षांच्या अंतराने दोनदा असा प्रसंग आला आणि दोन्ही वेळा निकाल वेगळा लागला.

पहिला प्रसंग फादर चार्ल्स कॉफलिन यांचा. मिशिगनमधल्या रॉयल ओक गावच्या चर्चचे हे धर्मगुरू १९२६ पासून रेडिओवर बोलायला लागले, सुरुवातीला धर्मशिक्षण, मग मंदी आल्यावर बँका, सरकार, राजकारण, आणि १९३० च्या दशकाच्या शेवटी उघडउघड ज्यूद्वेष. ऐकणारे लाखोंनी होते. त्यांचे बिशप मायकल गॅलाघर शेवटपर्यंत त्यांना पाठीशी घालत राहिले. १९३७ मध्ये गॅलाघर वारले आणि एडवर्ड मूनी आर्चबिशप म्हणून आले, त्यांनी आवर घालायचा प्रयत्न केला पण शेवटचा शब्द टाकला तो मे १९४२ मध्ये, अमेरिका युद्धात उतरल्यावर, सरकारचा दबाव वाढल्यावर. कॉफलिन गप्प बसले. धर्मगुरू होते, आज्ञापालनाचं वचन दिलेलं होतं, बिशपांनी थांब म्हटलं की थांबायचं, आणि ते थांबले. त्याच चर्चमध्ये ते १९६६ पर्यंत काम करत राहिले. मला यातली खटकणारी गोष्ट वेळेची आहे. जो अधिकार १९४२ ला एका आदेशात चालला तो काही वर्षं आधी वापरला असता तर एवढं विष घराघरात गेलं नसतं.

दुसरा प्रसंग रिअल कॅथलिक टीव्हीचा. पत्रकार मायकल व्हॉरिस हे या इंटरनेट चॅनलचा चेहरा होते, कार्यक्रम तयार व्हायचे डेट्रॉइटजवळच्या फर्नडेलमध्ये, सेंट मायकल्स मीडिया नावाच्या संस्थेत, पण चॅनलचा मालक राहायचा शेजारच्या इंडियाना राज्यात, दुसऱ्याच धर्मप्रांतात. सूर कडक पारंपरिक, आणि बिशपांवर टीका रोजची. डिसेंबर २०११ मध्ये महाधर्मप्रांताने जाहीर निवेदन काढलं की आपल्या सार्वजनिक कामाची ओळख करून द्यायला 'कॅथलिक' शब्द वापरायचा अधिकार यांना नाही. आधार अर्थातच २१६.

इथे लगेच प्रश्न उभा राहिला की संमती देणारा योग्य अधिकारी कोण, स्टुडिओ आहे तिथले बिशप की मालक राहतो तिथले? कलमात 'योग्य अधिकारी' एवढंच आहे. संघटनांसाठी ३१२ मध्ये पायऱ्या आहेत, धर्मप्रांतापुरतं असेल तर बिशप, देशपातळीवर असेल तर बिशपांची परिषद, आंतरराष्ट्रीय असेल तर होली सी, म्हणजे व्हॅटिकनमधली पोपची केंद्रीय सत्ता. पण खाजगी मालकीचं चॅनल जे जगात कुठेही दिसतं ते यातल्या कुठल्या पायरीवर बसवायचं हे १९८३ ला लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर असणं शक्यच नव्हतं. वादाचा शेवट मात्र साधा झाला, २०१२ मध्ये चॅनलने नाव बदललं आणि चर्च मिलिटंट या नावाने तेच लोक तेच बोलत राहिले. कायद्याचं अक्षर पाळलं गेलं, बोलण्यात काडीचाही बदल नाही. पुढे ते बंद पडलं एप्रिल २०२४ मध्ये, आणि तेही कॅनन लॉमुळे नाही तर न्यू हॅम्पशायरमधल्या एका धर्मगुरूंच्या अब्रूनुकसानीच्या दाव्यात ५ लाख डॉलर द्यायची तडजोड झाल्यावर. हे वेगळं सांगायचं कारण असं की शेवटी दिवाणी कोर्टाचा तडाखा बसला तसा चर्चच्या पत्राचा बसला नाही.

नाव न सोडणारं साप्ताहिक

कॅन्सस सिटीच्या नॅशनल कॅथलिक रिपोर्टरची गोष्ट उलट्या बाजूची आहे, हे उदारमतवादी पत्र. १९६४ मध्ये रॉबर्ट हॉयट यांनी ते धर्मप्रांताच्या पत्रातूनच वाढवलं आणि बिशप चार्ल्स हेल्मसिंग यांचा आधी त्याला पाठिंबा होता. १९६७ मध्ये या पत्राने संततिनियमनावरच्या पोपच्या आयोगाचे गुप्त अहवाल छापले, १९६८ च्या जुलैत पोप सहावे पॉल यांचं त्या विषयावरचं परिपत्रक आलं, वातावरण तापलं, आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये हेल्मसिंग यांनी जाहीर निषेध करून नावातला 'कॅथलिक' काढा म्हणून सांगितलं. त्यांनी काढला नाही. मंडळ स्वतंत्र, बहुतेक प्रापंचिकांचं, छापखान्यावर धर्मप्रांताची मालकी नाही, मग करणार काय?

याच पत्राने १९८५ मध्ये धर्मगुरूंकडून मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांचा विषय देशपातळीवर मांडला, तेव्हा बहुतेक अधिकृत कॅथलिक पत्रं गप्प होती. जानेवारी २०१३ मध्ये त्याच धर्मप्रांताचे बिशप रॉबर्ट फिन यांनी हेल्मसिंग यांच्या मागणीची आठवण करून देत पुन्हा नावाचा मुद्दा काढला. पण त्याआधी चारच महिने, सप्टेंबर २०१२ मध्ये, अत्याचाराच्या संशयाची माहिती सरकारी यंत्रणेला न कळवल्याबद्दल कोर्टाने त्यांनाच दोषी ठरवलं होतं. आता अशा बिशपांनी "तुम्ही कॅथलिक नाही" म्हटल्यावर ऐकणार कोण? कायद्याने त्यांचा अधिकार शाबूत होता हे मान्य, पण त्याची ताकद उरली नव्हती. नावाची राखण करणाऱ्याचा स्वतःचा व्यवहार स्वच्छ नसेल तर २१६ कागदावरच राहतं, आणि हे मी कुणाला टोमणा मारायला लिहीत नाहीये, चर्चवर प्रेम आहे म्हणूनच लिहितोय.

नावात कॅथलिक नसेल तर

मग २१६ लागतच नाही का? अक्षरशः बघितलं तर नाही, पण बिशपांच्या हातात दुसरे मार्ग असतात. अलाबामातल्या आयर्नडेलमध्ये मदर अँजेलिका यांनी १५ ऑगस्ट १९८१ ला मठाच्या गॅरेजमध्ये टीव्ही नेटवर्क सुरू केलं, ईडब्ल्यूटीएन, पुढे जगातलं सगळ्यात मोठं कॅथलिक मीडिया नेटवर्क म्हणून ओळखलं गेलेलं. नावात कॅथलिक शब्द नाही. १९९७ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसचे कार्डिनल रॉजर महोनी यांच्या मिस्साविषयीच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेविषयीच्या) पत्रावर ऑन एअर टीका केली आणि माझं त्या धर्मप्रांतातलं आज्ञापालन शून्य असेल अशा अर्थाचं बोलून गेल्या, त्यावर मोठं वादळ उठलं. पण खरा पेच घरचाच होता. त्यांचे स्वतःचे बिशप डेव्हिड फोली यांनी १९९९ मध्ये आदेश काढला की धर्मगुरूने वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून मिस्सा करायची नाही. मिस्सा हा बिशपांच्या थेट अधिकारातला विषय, त्यामुळे चॅनलच्या नावाला हात न लावता पडद्यावर काय दिसणार यावर त्यांचा ताबा आला. २००० च्या सुरुवातीला होली सीच्या वतीने आर्चबिशप रॉबेर्तो गोन्झालेझ निएवेस तपासणीला आले आणि मार्चमध्ये मदर अँजेलिका यांनी नियंत्रण सोडून नेटवर्क प्रापंचिकांच्या मंडळाच्या हाती दिलं. नन म्हणून त्यांच्यावर चर्चची जशी पकड होती तशी या मंडळावर नव्हती, त्यामुळे हे पाऊल फार विचारपूर्वक टाकलेलं होतं असं माझं मत आहे.

पोलंडमध्ये फादर तादेउश रिझिक यांचं रेडिओ मारिया, १९९१ मध्ये तोरून शहरात सुरू झालेलं, तेही असंच, त्याची मालकी रिडेम्प्टरिस्ट या धर्मगुरूंच्या संघाकडे, म्हणून बिशपांना संघाच्या वरिष्ठांमार्फत बोलावं लागतं.

मनाई मोडली तर

आदेश मोडणाऱ्याला आधी ताकीद द्यावी लागते. त्यानंतरही ऐकलं नाही तर कलम १३७१ खाली शिक्षा होऊ शकते. शिक्षांचा हा भाग पोप फ्रान्सिस यांनी सुधारला आणि तो ८ डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. व्यवहारात बिशप बहुतेक वेळा जाहीर निवेदनावर थांबतात, चर्चच्या जागेत कार्यक्रम घेऊ देत नाहीत, धर्मगुरूंना त्या चॅनलवर जायला मनाई करतात. मीडियाबाहेरही तसंच दिसतं: पेरूमधल्या विद्यापीठाला जुलै २०१२ मध्ये व्हॅटिकनने 'पोंटिफिकल' (पोपच्या मान्यतेचं) आणि 'कॅथलिक' ही नावं वापरायला बंदी केली, विद्यापीठ ती वापरतच राहिलं, आणि तोडगा निघायला २०१६ उजाडलं.

आपल्याकडे

महाराष्ट्र आणि गोव्यात जुनी कॅथलिक पत्रं बहुतेक चर्चच्या घरातलीच आहेत त्यामुळे नावाचा प्रश्न तसा आला नाही. मुंबई महाधर्मप्रांताचं दि एक्झामिनर १८५० पासूनचं, वसईचं मराठी मासिक सुवार्ता धर्मप्रांताचं, आणि गोव्यातलं कोंकणी साप्ताहिक वावराड्यांचो इश्ट १९३३ मध्ये धर्मगुरूंनीच सुरू केलेलं. सुवार्ता कित्येक वर्षं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी चालवलं, जे पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी त्यात पर्यावरण, वसईचा हिरवा पट्टा, स्थानिक राजकारण सगळं आणलं. चर्चच्या छत्राखाली राहूनही मोकळं लिहिता येतं हे त्यांनी दाखवलं.

मोबाइलवरच्या चॅनलचं मात्र वेगळं आहे. मुंबई-ठाणे पट्ट्यात एकाच गल्लीत लॅटिन विधीचे (रोमच्या उपासनापद्धतीचे) कॅथलिक मुंबई महाधर्मप्रांताखाली किंवा वसईखाली येतात आणि सिरो-मलबार (केरळमधल्या पौर्वात्य विधीची) कुटुंबं १९८८ मध्ये धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेल्या आणि २०२५ मध्ये महाधर्मप्रांत झालेल्या कल्याणखाली येतात, ज्यांना पौर्वात्य चर्चेसचा वेगळा कायदा लागतो, १९९० चा, आणि तिथे हीच अट कलम १९ मध्ये आहे. म्हणजे मिश्र ग्रुपने मिळून 'कॅथलिक' नावाचं चॅनल काढलं तर संमती कुणाकडे मागायची हे आधीच विचारून घेतलेलं बरं. साधा मार्ग असा की आधी पॅरिश प्रीस्टशी बोलायचं, मग बिशप हाऊसला लेखी अर्ज, त्यात चॅनल कोण चालवणार, पैसा कुठून येणार, शिकवण कोण तपासणार हे स्पष्ट लिहायचं. आणि दुसऱ्या बाजूने धर्मप्रांतांनीही अर्ज महिनोन् महिने पडू देऊ नयेत, कारण उत्तर आलं नाही की पोरं वाट बघत बसत नाहीत, नाव लावून मोकळी होतात आणि मग निवेदनं काढायची वेळ येते.