एजंट टूलमधून डेटाबेस कनेक्शनची चाचणी

एआय एजंटला (आपल्यासाठी कामं करणाऱ्या एआयला) जे टूल, म्हणजे बाहेरचं काम करून देणारा प्रोग्राम, दिलंय त्याच टूलमधून डेटाबेसपर्यंत पोचता येतंय का आणि पोचल्यावर खरा डेटा मिळतोय का हे बघणं म्हणजे ही चाचणी. "त्याच टूलमधून" हे शब्द यात सगळ्यात महत्त्वाचे. आपण वर्कबेंच (डेटाबेस हाताळायचं सॉफ्टवेअर) उघडलं, टेबल दिसलं, म्हणजे एजंटलाही दिसेल असं अजिबात नाही, कारण त्याचा रस्ता वेगळा, युजर वेगळा आणि कधीकधी मशीनच वेगळं असतंय.

समजा लातूरच्या मोंढ्यातलं आडत दुकान आहे, काउंटरच्या कॉम्प्युटरवर मायएसक्यूएल हा डेटाबेस, त्यात शेतकऱ्यांच्या पट्ट्या, तूर-सोयाबीनची आवक, हमाली-तोलाईचा हिशोब. मालक एजंटला विचारतो, काल सोयाबीन किती क्विंटल आलं. एजंट स्वतः डेटाबेसला हात लावत नाही, तो टूलला सांगतो, टूलचा सर्व्हर (टूल चालवणारा प्रोग्राम) ड्रायव्हरला (डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीला) सांगतो, ड्रायव्हर ३३०६ पोर्टवर म्हणजे मायएसक्यूएलच्या दारावर जातो, तिथं युजर-पासवर्ड तपासला जातो आणि मग कुठं क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालते. शेतात पाणी आलं नाही की आपण आधी लाइट बघतो, मग स्टार्टर, मग मोटर, मग पाइप, बोअर आटलं असं एकदम कुणी म्हणत नाही. इथंही तसंच एकेक टप्पा बघायचा.

एजंट आणि टूल यांच्यातल्या बोलण्यासाठी सध्या बऱ्याच ठिकाणी एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल वापरतात, तो अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला आणि त्यातले निरोप जेसन-आरपीसी २.० या ठरलेल्या साच्यात जातात. एमसीपी इन्स्पेक्टर (टूल तपासायचं सॉफ्टवेअर) वापरला तर मॉडेल मध्ये न आणता टूल थेट चालवून बघता येतं, माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. बऱ्याचदा डेटाबेस ठणठणीत असतो आणि बिघाड त्याच्या अलीकडं, टूलच्या बाजूलाच असतो. टूलचा सर्व्हर स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्रामचा मजकूर जिथं छापला जातो तिथं) बोलत असेल आणि कुणी कोडमध्ये एक प्रिंटची ओळ विसरलं असेल तर तेवढ्यानंही बोलणं तुटतं. टर्मिनलमध्ये सेट केलेला पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नसतो, किंवा सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या एका बंद डब्यात (कंटेनरमध्ये) असतो आणि त्याचा लोकलहोस्ट (स्वतःच्याच मशीनचा पत्ता) म्हणजे तो कंटेनरच, आपला कॉम्प्युटर नाही.

एररचा मजकूर जसाच्या तसा वाचायचा. कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे मशीन सापडलं पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, टाइमआउट म्हणजे बहुतेक फायरवॉल नाहीतर चुकीचा पत्ता, १०४५ म्हणजे दारापर्यंत पोचलो पण युजर-पासवर्ड चालला नाही, १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. सगळ्यात घातक टूल कोणतं, तर जे एरर गिळून रिकामी यादी परत देतं. मग एजंट शांतपणे सांगतो की काल आवक शून्य, आणि मालकाला ते खरं वाटतं! म्हणून पासवर्ड मुद्दाम चुकवून बघायचा, टूलनं चूक झाली असं स्पष्ट कळवलं पाहिजे.

"सिलेक्ट १" (फक्त १ हा आकडा परत मागणारी क्वेरी) चाललं की लोक खूश होतात, पण त्यातनं फक्त कनेक्शन जिवंत आहे एवढंच कळतं. काही दुकानांत दर आर्थिक वर्षाला नवा डेटाबेस काढतात, आणि गेल्या वर्षीचा डेटाबेसही १ च देतो. त्यामुळं डेटाबेसचं नाव, कोणत्या युजरनं आत आलो आणि आवकेची शेवटची तारीख हे तिन्ही मागवायचं, आणि एजंटच्या वाक्यात नाही तर टूलच्या कच्च्या उत्तरात बघायचं.

मराठी डेटा असेल तर अजून एक बघावंच लागतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं. गावाच्या कॉलममध्ये "औसा" नीट साठवलं असेल तर कॅरॅक्टर लेंग्थ (चिन्हांची संख्या) ३ आणि लेंग्थ (बाइटची संख्या) ९ येते. कॅरॅक्टर लेंग्थच ९ आली तर अक्षरं दोनदा एन्कोड झालीत, आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८-एमबी-४ आहे का ते आधी बघा.

एजंटचा युजर वेगळा काढून त्याला फक्त सिलेक्टचा म्हणजे डेटा वाचायचा अधिकार द्यावा. टूल स्वतःच रीड-ओन्ली ट्रान्झॅक्शन (फक्त वाचू देणारा व्यवहार) लावतं यावर विसंबू नका, एका कॉलमध्ये अनेक स्टेटमेंट चालत असतील तर मध्ये कमिट (व्यवहार संपवायची आज्ञा) घालून त्यातून बाहेर पडता येतं. चाचणीसाठी एका फालतू टेबलवर टूलमधूनच इन्सर्ट करून (नवी ओळ घालून) बघायचं, ११४२ म्हणजे अधिकार नाही हाच एरर यायला हवा, नाही आला तर अधिकार जास्त दिलेत.

ही चाचणी सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या करावी. मायएसक्यूएल रिकामं पडलेलं कनेक्शन डिफॉल्टनं २८,८०० सेकंदांनी म्हणजे ८ तासांनी बंद करतं, रात्री लाइट गेली असेल तर ते त्याआधीच मेलेलं असतं, आणि टूलच्या पूलला (उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याला) हे माहीतच नसतं, त्यामुळं दिवसभर नीट चालणाऱ्या टूलची पहिलीच क्वेरी "सर्व्हर हॅज गॉन अवे" म्हणून पडते. पूलनं कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का बघावं अशी सेटिंग बऱ्याच लायब्ऱ्यांत असते, ती चालू करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघायचं.