औषधातला उंदीर

नरसिंह, गजानन, घोडमुखा तुंबरू. अर्धा माणूस, अर्धा पशू हे रूप आपल्या परिचयाचं आहे, पूजेतलंही आहे. प्रयोगशाळेत असं काही घडतंय म्हटलं की मात्र अंगावर काटा येतो. पण ठाणे-नवी मुंबईतल्या कित्येक कॅन्सर रुग्णांना सलाइनमधून मिळणारी काही औषधं याच जातीची आहेत.

रिटक्सिमॅब घ्या. लिम्फोमा या पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरवरचं हे औषध म्हणजे प्रतिपिंड, शरीरात परक्या गोष्टींना पकडणारं, इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचं प्रथिन. कॅन्सरग्रस्त बी पेशीला (पांढऱ्या रक्तपेशीचा एक प्रकार) पकडणारी त्याची वरची टोकं उंदराची, बाकीचं माणसाचं.

हा मेळ का घालावा लागला? १९७५मध्ये केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि अखंड वाढत राहणारी कॅन्सरपेशी एकत्र केली. एकाच साच्यातली प्रतिपिंडं हवी तेवढी मिळू लागली. १९८४मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अडचण पुढे आली. आपलं शरीर उंदराचं प्रथिन परकं म्हणून ओळखतं आणि औषधावरच तुटून पडतं. पुढच्या डोसांचा गुण येत नाही, कधी तीव्र ॲलर्जीही होते. मग उंदराचा वाटा कमी करत नेणं सुरू झालं. १९८६मध्ये ग्रेग विंटर यांच्या गटाने फक्त पकडणारी टोकाची लहान वेटोळी उंदराची ठेवली आणि ती माणसाच्या प्रतिपिंडावर बसवली. मला हे काम मूळ शोधाइतकंच मोठं वाटतं. स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब याच पद्धतीचं आहे.

कार-टी या कॅन्सरवरच्या नव्या उपचारात मिश्रण थेट जिवंत पेशीत होतं. रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, काढून त्यांत नवं जनुक घालतात. मग त्या पेशीवर कॅन्सर ओळखणारं प्रथिन (रिसेप्टर) उगवतं आणि त्याचं टोक अनेकदा उंदराच्या प्रतिपिंडातून घेतलेलं असतं. अमेरिकेत २०१०मध्ये अशा पेशी दिलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात त्या दहा वर्षांनंतरही सापडल्या.

भारतातला पहिला कार-टी उपचार ४ जून २०२१ रोजी टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने विकसित केलेल्या या उपचारात उंदराकडचं टोक मानवी वळणाचं करून घेतलं आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याला मान्यता मिळाली. खर्च परदेशापेक्षा खूपच कमी, तरी लाखांत. पनवेल-कळव्यातल्या घरांना तो आजही झेपत नाही.