ट्यूब संपली की चट्टे त्याच जागी का येतात?

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात कोणाच्या कोपरावर पांढरे पापुद्रे निघाले की पहिलं निदान ठरलेलं, रक्त खराब झालं. मग गजकर्ण समजून मेडिकलमधून ट्यूब. परवा बाजारात एका काकांनी खिशातून शेपटाकडून गुंडाळत आणलेली क्लोबेटासॉलची, म्हणजे एका जोरदार स्टेरॉइड मलमाची, ट्यूब दाखवली. "चार दिवसात साफ होते ना बाप्पा, पन बंद केली का दुप्पट येते."

काका खोटं बोलत नव्हते. हा सोरायसिस, आणि तो शिवल्यानं पसरत नाही. कातडीची पेशी खालच्या थरात जन्मते, हळूहळू वर सरकते आणि साधारण महिन्याभरात गळून पडते. सोरायसिसमध्ये हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो, पेशी कच्च्याच वर पोचतात, एकमेकींना चिकटून राहतात, तेच ते पापुद्रे. एवढी घाई कोण करतं? आपल्याच प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी. इंटरल्यूकिन-२३ हे पेशींमधलं निरोप्या रसायन त्यांना चेतवतं, त्या इंटरल्यूकिन-१७ हे तसलंच दुसरं रसायन सोडतात, त्यानं कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि वरून स्वतःच आणखी सैनिक बोलावणारी रसायनं सोडतात, की पुन्हा तेच चक्र! रक्ताच्या शुद्धी-अशुद्धीचा यात काही संबंध नाही. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की चट्टा गेला तरी आठवण ठेवणाऱ्या काही टी-पेशी त्याच जागी मुक्काम ठोकून बसतात, स्टेरॉइड त्यांना गप्प करतं, हाकलत नाही, म्हणून मलम मनानं सोडलं की चट्टा नेमका जुन्याच जागी. आणि मनानं महिनोन्महिने लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते. पऱ्हाटीनं ओरखडलं तरी कधीकधी दोनेक आठवड्यांत त्याच रेघेवर चट्टे उठतात, याला कोबनर परिणाम म्हणतात.

"मुळापासून गॅरंटी"वाल्या पुड्यांचं तर बोलूच नका, त्यातल्या काहींत स्टेरॉइडच कुटलेलं असतं. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर अंगभर पू भरलेले फोड येऊ शकतात, तेव्हा दवाखान्यात भरतीच व्हावं लागतं.

काकांना आता डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं औषध लिहून दिलं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. इथंच लोक फसतात, लवकर बरं वाटावं म्हणून रोज खातात, तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घटतात, जीवावर बेततं. मी पाकिटावर पेनानं लिहून दिलं, "फक्त मंगळवार". त्यांच्या गावचा बाजार मंगळवारीच भरतो.