कमळातला ‘क्’ कुणी ऐकला?

‘कमळ’मधला पहिला ‘क’ काढा म्हटलं की आपण पटकन ‘मळ’ म्हणतो. पण सुरुवातीचा एकच ध्वनी, म्हणजे नुसता क्, काढला तर उरतं ‘अमळ’. उत्तर ऐकल्यावर पटतं, तरी आधी सुचत नाही. बाराखडीवर वाढलेल्या कानाला ‘क’ अखंड वाटतो. पाय मोडल्याशिवाय त्यातला अ सुटा होत नाही.

वय वाढलं की सुटा ध्वनी आपोआप कळू लागतो, की तो लिपी शिकवते? मानसशास्त्रज्ञ जुझे मोराइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979मध्ये पोर्तुगालमधल्या प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जण निरक्षर होते, काही मोठेपणी वाचायला शिकलेले. काम एवढंच, की शब्दाच्या सुरुवातीला एक ध्वनी जोडायचा किंवा तिथला काढायचा. मोठेपणी शिकलेल्यांना ते बऱ्यापैकी जमलं, निरक्षरांना फारच कमी. ही माणसं जन्मभर अस्खलित बोलत आलेली होती, हे विसरता कामा नये. उणीव बुद्धीची नव्हती, बोलण्याचीही नव्हती.

मग वाटेल, कोणतीही लिपी शिकली की झालं. 1986मध्ये चार्ल्स रीड आणि चिनी संशोधकांनी तेही तपासलं. फक्त चिनी अक्षरचिन्हं वाचणारे प्रौढ याच कामात अडखळले. 1958मध्ये स्वीकारलेली पिनयिन ही रोमन अक्षरांतली पद्धत शिकलेल्यांना मात्र ते जमलं. म्हणजे नुसती साक्षरता पुरत नाही, लिपी ध्वनी सुटे करून दाखवणारी हवी.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. भारतात ती उलटी होते, ध्वनी लिपीतून नव्हे तर पाठांतरातून सुटे होतात, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग. वेद पाठ करणाऱ्यांना संहितेतले शब्द सुटे करून म्हणावे लागत. शाकल्य या प्राचीन वैदिक पंडिताचा पदपाठ, म्हणजे ऋग्वेदाचा शब्दाशब्दाने सुटा केलेला पाठ, त्यासाठीच. वाक् आणि ईश जोडले की ‘वागीश’ होतं. हा बदल नियमात बसवायचा तर क् हातात सुटा यावाच लागतो. पाणिनीला लेखन ठाऊक होतं, ‘लिपि’ हा शब्द त्याच्या सूत्रात आहे. पण पाठकांची ही मेहनत कानावर आणि जिभेवर उभी होती. कंठापासून ओठांपर्यंत येणारी क-च-ट-त-प ही रांग उच्चारस्थानांची आहे, अक्षरांच्या आकारांची नव्हे. तरी अडचण त्यांनाही होतीच: ह, य, व, र ही व्यंजनं सांगणाऱ्या पाणिनीय ‘हयवरट्’ या सूत्रातला प्रत्येक अ केवळ उच्चाराच्या सोयीसाठी आहे, असं टीकाकार सांगतात.

सोपाऱ्याला (आजचं नालासोपारा) सापडलेल्या अशोकाच्या लेखातली ब्राह्मी लिपी हाच हिशेब पाळते. तिचा ‘क’ म्हणजे अधिकचं चिन्ह. त्यात अ गृहीत. इतर स्वर हवा असेल तर त्याच चिन्हाला छोटी रेघ चिकटते. व्यंजन आणि स्वर वेगळे ओळखलेले, पण लिहिलेले एकत्र. देवनागरीने हेच उचललं, म्हणून आपल्याला ‘मळ’ आधी सुचतं.

लिपी काही गोष्टी झाकूनही ठेवते. ‘हे जग मोठं आहे’ आणि ‘तू शंभर वर्षं जग’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या ‘ज’ला जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्याला दातांकडे. म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ आणि ‘जरा थांब’ यांचंही तसंच. मराठी बोलणारं लहान मूल हा फरक सहसा चुकवत नाही. पण अक्षर एकच असल्यामुळे आपण दोन वेगळे ध्वनी बोलतो, हे कित्येक मराठी माणसांना कुणी दाखवून देईपर्यंत जाणवत नाही.