खांबापासून कानापर्यंत : वॉल्व्हच्या हेडफोन ॲम्प्लिफायरमागची गोष्ट

गेल्या काही वर्षांत आमच्या दारव्हा तालुक्यात, मोजून चार-पाच घरांत का होईना, वॉल्व्हचे हेडफोन ॲम्प्लिफायर आले, म्हणजे आवाजाचा बारीक संकेत काचेच्या निर्वात नळीने (तोच वॉल्व्ह) मोठा करून हेडफोनला देणारे डबे. कुणी मोबाइलवरून मागवला, कुणी नागपूरला सीताबर्डीत सुटे भाग घेऊन जोडला. डबा घरी येतो, वॉल्व्ह तांबूस पेटतो, दोन दिवस कौतुक होतं. तिसऱ्या दिवशी ठरलेला प्रश्न येतो : आता वायर कोणती घेऊ आणि वॉल्व्ह कोणता बदलू?

आमच्या गावाकडच्या जुन्या रेडिओ मेकॅनिकला हा प्रश्न विचारला, तर तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणतो, "वायरीत काय ठेवलं हाये बापा, पयले लाइन पाय." त्याचं म्हणणं आडमुठं वाटतं. पण या यंत्राची जन्मकथा पाहिली की ते पटत जातं.

लंडनला जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये पहिला वॉल्व्ह केला. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा तुकडा, म्हणजे ग्रिड घातला, आणि बारीक संकेत मोठा करण्याची वाट सापडली. तेव्हा घराघरांत लाउडस्पीकर नव्हते. रेडिओ ऐकायचा तो हेडफोन लावूनच. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्याचे नॅथॅनिएल बाल्डविन आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून अमेरिकी आरमाराला विकत होते. म्हणजे वॉल्व्ह आणि हेडफोन ही आजची हौशी जोडी नाही, लाउडस्पीकरच्या आधीचा संसार आहे हा.

त्या काळच्या हेडफोनच्या वेटोळ्यांत केसासारख्या तारेचे हजारो फेरे असत आणि रोध (विजेच्या धारेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) दोन-दोन हजार ओहम. कारण वॉल्व्हचा स्वभावच तसा. उंच टाकीला बारीक नळी लावावी तसं त्याचं आहे : दाब भरपूर, धार बारीक. व्होल्ट मागाल तेवढे देईल, करंट मागितला की दम लागतो. जास्त ओहमचा हेडफोन कमी करंटवर भागवतो, म्हणून दोघांचं जमलं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर आजच्या खरेदीतले निम्मे घोळ टळतात.

आपल्याकडे आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. तेव्हा बहुतेक खेड्यांत वीज नव्हती, तरी रेडिओ होते. बॅटरीवरचे वॉल्व्ह सेट असत. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ ही त्यांतली जरा पुढे आलेली चौकडी. प्रत्येक वॉल्व्हची आतली तार (फिलामेंट) १.४ व्होल्टवर आणि फक्त २५ मिलिअँपियरवर तापायची (शेवटच्या डीएल ९६ ला त्याच्या दुप्पट), आणि वरचा दाब द्यायला ९० व्होल्टची विटेएवढी कोरडी बॅटरी. ती संपली की तालुक्याची वारी. शिवाय रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना घ्यावा लागे, दरवर्षी पैसे भरावे लागत. आमच्या घरी ते परवान्याचं पुस्तक अजून आहे, सातबाऱ्याच्या फायलीत.

वीज आली आणि मोठे सेट आले. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. बंगळूरला १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स उभी राहिली आणि पुढे आपल्या देशातच वॉल्व्ह बनू लागले. त्यामुळे ईसीएच ८१, ईएल ८४, ईझेड ८० ही नावं जुन्या मेकॅनिकच्या तोंडी नातवंडांच्या नावांसारखी बसलेली असतात. या नावांत अर्थ आहे. युरोपी पद्धतीत पहिलं अक्षर तार तापवण्याची वीज सांगतं : डी म्हणजे १.४ व्होल्ट, ई म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढचा सी म्हणजे ट्रायोड, ग्रिडसकट तीन तुकड्यांचा वॉल्व्ह; दोन सी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. अमेरिकी पद्धतीत ईसीसी ८३ लाच १२एएक्स७ म्हणतात आणि ईसीसी ८२ ला १२एयू७. सीताबर्डीत एक दुकानदार एका वॉल्व्हचे दोन नावांनी दोन भाव सांगत होता, तो वेगळा विषय.

वॉल्व्ह बदलण्याची आजची हौस इथूनच सुरू होते. ईसीसी ८२ आणि ईसीसी ८३ एकाच सॉकेटमध्ये बसतात, पिनाही सारख्याच. पण पहिल्याचा वर्धनांक, म्हणजे संकेत किती पट वाढवायची ताकद, १७ ते २० आणि दुसऱ्याचा १००. एक काढून दुसरा घातला की आवाज एकदम मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. दहा मिनिटांनी मागचा फुसफुसाट ऐकू यायला लागतो. ईसीसी ८८ ची गोष्ट आणखी अडचणीची. नऊ पिनांमुळे तो बसतो त्याच सॉकेटमध्ये, पण तार ६.३ व्होल्टची आणि ॲनोडची (वरचा दाब घेणाऱ्या पत्र्याची) मर्यादा १३० व्होल्टची. ईसीसी ८३ साठी जोडलेल्या सॉकेटवर तारेला १२.६ आणि ॲनोडला दोनशेच्या वर व्होल्ट असू शकतात. तिथे ईसीसी ८८ घातला तर तो पेटतो खरा, पण शेवटचा. "बसतो" आणि "चालतो" यांत फरक असतो हे सोयरिकीइतकंच इथेही खरं.

ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत जन्मला आणि १९५४ मध्ये त्याचा खिशातला रेडिओ अमेरिकेत विकायला आला. आपल्याकडे तो बैलगाडीच्या जूवर लटकायला जरा वेळ लागला, पण लटकला आणि वॉल्व्हचा सेट माळ्यावर गेला. वॉल्व्ह टिकला तो लग्नातल्या भोंगेवाल्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये, गिटारवाल्यांकडे आणि सोव्हिएत सैन्यात. १९७६ मध्ये एक सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन जपानला पळाला. ते विमान उघडलं तेव्हा आत वॉल्व्ह निघाले आणि पाश्चात्त्य तज्ज्ञ चक्रावले. बाकीच्यांनी वॉल्व्ह सोडले तरी रशियाने कारखाने चालू ठेवले होते. आज बाजारात मिळणारे नवे वॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथून येतात, त्यामागे हे कारण आहे.

मधल्या काळात हेडफोन मात्र बदलला. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला, १९७९ मध्ये वॉकमन आला. दोन पेन्सिल सेलवर चालायचं तर व्होल्ट कमी, म्हणून हेडफोनचे ओहम कमी करावे लागले. आज मोबाइलचा इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचा असतो तो त्यामुळे. स्टुडिओतल्या हेडफोनने मात्र जुना बाणा सोडला नाही : सेनहायझरचा १९९७ चा एचडी ६०० हा ३०० ओहमचा, बायरडायनॅमिकच्या डीटी ८८० चा एक प्रकार तर ६०० ओहमचा.

आता हिशोब बघा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (वॉल्व्हचे जास्तीचे व्होल्ट उतरवून करंट वाढवणारा) नसलेला वॉल्व्हचा ॲम्प्लिफायर हौशी लोकांत फार चालतो. त्यात बहुधा ६०८० किंवा ६एएस७ हा जाडजूड वॉल्व्ह असतो, जो मुळात संगीतासाठी नव्हताच. वीजपुरवठ्याचे व्होल्ट स्थिर ठेवायला केला होता. अशा ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध शंभर ओहमच्या आसपास धरा. ३०० ओहमचा हेडफोन लावला तर तयार झालेल्या व्होल्टपैकी ७५ टक्के कानापर्यंत पोचतात. ३२ ओहमचा लावला तर २४ टक्के, १६ चा लावला तर १४. मोबाइलसोबत आलेला इअरफोन लावून "आवाजात जीव नाही, वायर बदलतो" म्हणणारे मी पाहिलेत. वायरीने त्यात काही होत नाही. तिथे हेडफोन बदलायचा.

वायर संकेत बिघडवते ही भीती मात्र सुरुवातीला खरी होती, आणि तिचा धागा आपल्या वऱ्हाडापर्यंत येतो. १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली तार टाकली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप पोचायला १६ तास लागले आणि ती तार तीन-एक आठवड्यांत मेली. हजारो मैलांची तार म्हणजे एक लांबलचक कंडेन्सरच, वीज साठवून धरणारी कोठी. संकेत आत शिरतो तो पसरून बाहेर पडतो. १८७० मध्ये मुंबई समुद्रातल्या तारेने इंग्लंडला जोडली गेली आणि त्याच वर्षी खामगावची रेल्वेही सुरू झाली. वऱ्हाडातली रुई खामगावला गाठीत बांधली जायची आणि लिव्हरपूलच्या भावाची खबर तारेने मुंबईत यायची. त्या तारेत संकेत का पसरतो याचं पक्कं गणित ऑलिव्हर हेविसाइड या माजी तारबाबूने पुढच्या दोन दशकांत मांडलं.

हेडफोनची ६.३५ मिलिमीटरची जाड पिनही तिथलीच, टेलिफोन एक्स्चेंजच्या फळ्यावरची. म्हणजे यातलं बरंचसं सामान तारखात्याचं आणि टेलिफोनचं आहे. महागड्या वायरीचा धंदा मात्र अगदी अलीकडचा. सत्तरच्या दशकापर्यंत स्पीकरला लोक दिव्याची साधी वायर लावत. त्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल काढली आणि वायर ही वेगळी विकायची वस्तू झाली. त्यात थोडं तथ्य होतं, कारण चार-आठ ओहमच्या स्पीकरला लांब बारीक वायर लावली तर तिचा रोध खरंच खटकतो.

ते हेडफोनला लावून बघा. तीन मीटरची वायर, आतली तार ०.१ चौरस मिलिमीटर, जायचा-यायचा मार्ग सहा मीटर : रोध साधारण एक ओहम. तीनशे ओहमपुढे तो कशातच नाही. सोळापुढे सहा टक्के, म्हणजे आवाजात अर्ध्या डेसिबलचा फरक. कंडेन्सरपणाचंही तेच. शिल्डेड (वरून जाळी असलेल्या) वायरीचा मीटरला शंभर पिकोफॅरड (कंडेन्सरपणाचं माप) धरला आणि मोबाइल किंवा डॅकचा (डिजिटल गाण्याचा आवाजाचा संकेत करणाऱ्या डबीचा) रोध शंभर ओहम, तर एका मीटरच्या वायरीने संकेत कमी व्हायला लागतो तो दीड कोटी हर्ट्झच्या पुढे. आपला कान वीस हजारांवर थांबतो, माझा तर बाराच्या आतच.

एक अपवाद सांगतो. आमच्या ओळखीच्या एकाने व्हॉल्यूमची डबी बाजेजवळ आणि ॲम्प्लिफायर कपाटात ठेवला, मध्ये पाच मीटर वायर. व्हॉल्यूम शंभर किलोओहमचा. तो अर्ध्यावर असताना वायरीला २५ किलोओहमचा रोध दिसतो, आणि पाच मीटरचे ५०० पिकोफॅरड. गणित केलं तर साडेबारा हजार हर्ट्झच्या आसपास आवाज उतरतो. टाळ-झांजा बोथट झाल्या होत्या, त्याला वाटलं वॉल्व्ह म्हातारा झाला. डबी ॲम्प्लिफायरजवळ आणली आणि झांज परत वाजली.

आता माझी फजिती. माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये सतत एक घुमारा होता. मी चार हजारांची चांदीचा मुलामा असलेली वायर मागवली, कुठल्या कंपनीची ते जाऊ द्या. घुमारा तसाच. मेकॅनिक आला, त्याने मीटर लावला. संध्याकाळी सात वाजता, शेतातल्या मोटरी सुरू असताना, १७८ व्होल्ट. रात्री दोनला मी स्वतः उठून पाहिलं, मोटरी बंद : २५६. आमचं गावठाण आणि शेतीची लाइन अजून एकाच डीपीवर (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर) आहे. ६.३ व्होल्टच्या तारेला म्हणजे संध्याकाळी ४.९ आणि रात्री ७ व्होल्ट. तिला वर-खाली दहा टक्के चालतात, म्हणजे ५.७ ते ६.९. वॉल्व्ह अर्धपोटीही मरतो आणि अजीर्णानेही.

घुमाऱ्याचं कारण त्याहून साधं निघालं. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडं ठक्क पडलेलं, अर्थ नावालाच. मेकॅनिकने दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. पाणी मुरायला अर्धा तास गेला, तेवढ्यात चहा झाला, आणि हेडफोन लावला तर घुमारा पाव हिश्शावर. राहिलेला पाव लॅपटॉपच्या चार्जरचा. तो काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की तोही गेला. चार हजारांची वायर सध्या सेट-टॉप बॉक्सला आहे.

सुधारणा करायचीच तर पहिला पैसा स्टॅबिलायझरला. दुसरा कंडेन्सरला. "कंडेन्सर बदला, आवाज उजळतो" हा सल्ला आज चवीचा म्हणून दिला जातो, पण तो जन्मला दुरुस्तीच्या टेबलावर. जुन्या सेटमधले कागदी कंडेन्सर गळायचे, पुढच्या वॉल्व्हच्या ग्रिडवर नको ते व्होल्ट जायचे आणि बिचारा ईएल ८४ लाल होऊन जायचा. म्हणून मेकॅनिक आधी ते बदलायचे. नव्या किटमध्ये साधे प्लास्टिक फिल्मचे कंडेन्सर आधीच असतात आणि ते गळत नाहीत. तिथे दहापट किमतीचे लावून फरक ऐकू आला तर आनंद आहे, पण गळका कंडेन्सर काढल्यावर होतो तो फरक वेगळाच. स्वस्तातल्या काही किटमध्ये वॉल्व्हखाली नारिंगी एलईडी असतो, तेवढी एक सुधारणा म्हणून तो काढावा. वॉल्व्ह आपल्या उजेडाने पेटू द्यावा.

आत हात घालण्याआधी प्लग काढायचा, आणि तरीही थांबायचं. आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट साठलेले राहू शकतात. आमचा मेकॅनिक रोधक जोडलेल्या तारेने ते उतरवतो, मीटरने शून्य बघतो आणि मगच डाख द्यायला बसतो. चालू सेट तपासताना डावा हात खिशात. ही सवय त्याच्या उस्तादाकडून आलेली.

राहिला उन्हाळा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. त्यात ६०८० सारखा वॉल्व्ह नुसती तार तापवायलाच पंधरा-सोळा वॅट खातो, खोलीत चूल पेटवल्यासारखं होतं. होळी झाली की मी ॲम्प्लिफायरवर धोतराचं जुनं पान टाकतो आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की काढतो.